एम.एस्सी. नर्सिंगला कोणती शाखा घेऊ? (आयसीयूत दीड वर्ष झालं)

अबोल_सिस्टर: नागपुरात धंतोलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे. एम.एस्सी.ला लागतो तो वर्षाचा अनुभव झाला. मेडिकल-सर्जिकल, चाइल्ड हेल्थ, ओबीजी (प्रसूती-स्त्रीरोग), सायकियाट्रिक, कम्युनिटी, या पाचांत अडकले आहे. व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप, तासातासाचं चार्टिंग यात मी रमते. पण बाहेर बसलेले नातेवाईक "पेशंट कसा आहे?" म्हणाले की पोटात गोळा येतो. रूममेट म्हणते, तू शांत आहेस, सायकियाट्रिक घे. बाबांचं एकच, काहीही घे पण सरकारी नोकरी लागली पाहिजे.

डायलिसिसवाली_ताई: अबोल म्हणून सायकियाट्रिक? तुझ्या रूममेटला एक दिवस त्या वॉर्डात पाठव बाई.

मी आधी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत होते. बाळं आवडायची म्हणून मागून घेतलं होतं. सहाशे-सातशे ग्रॅमची बाळं हातात आली तेव्हा कळलं, आवड वेगळ्याच बाळांची होती. घरी येऊन जेवण जायचं नाही. दोन वर्षांनी डायलिसिसला गेले, ती आजपर्यंत तिथंच.

इथं तोच माणूस आठवड्यातून दोन-तीनदा येतो, चार-चार तास बसतो. फिस्टुलात (डायलिसिससाठी हातात जोडून घेतलेल्या शिरेत) सुई घालणं सहा महिन्यांत हातात बसतं. अवघड आहे ते वजन, म्हणजे दोन सेशनच्या मधे अंगात साठणारं पाणी. नागपूरचा मे महिना, बाहेर पंचेचाळीस, आणि याला दिवसाचं पाणी मोजून. एक काका दोन सेशनच्या मधे साडेचार किलो वाढवून आले. "सिस्टर, एकच ग्लास उसाचा रस घेतला." एका ग्लासाचे साडेचार किलो! रागावले तर पुढच्या वेळी खोटं सांगतील, नाही रागावले तर रात्री दम लागून कॅज्युअल्टीत येतील. त्यांना बर्फाचा खडा चघळायला शिकवलं, तोही पाण्याच्या हिशोबात धरून. मला हे रोजचं भांडण आवडतं. तुला आवडेल का, ते बघ.

आणि एक विचारू? नातेवाइकांशी बोलायला तुला कोणी शिकवलं का कधी? माझ्या पहिल्या हॉस्पिटलात नव्या पोरीलाच बाहेर ढकलायचे. भीती तिथूनच बसते. तिला स्वभाव समजून दोन वर्षांची शाखा ठरवू नको.

ओटी_ब्रदर: बोलायचं नसेल तर ओटीत (ऑपरेशन थिएटरात) ये, पेशंट झोपलेला असतो 😄 पण सर्जनची बोलणी खावी लागतात, आणि मॉपचा (रक्त टिपायच्या कापडांचा) काउंट एकानं जरी कमी-जास्त आला तर घरी जायचं विसर. ओटी किंवा क्रिटिकल केअरचा पोस्ट बेसिक डिप्लोमा एका वर्षात होतो, तोही बघ.

रातपाळी: मी सायकियाट्रिकला आहे. आमचे एक आजोबा रात्रभर विचारतात, "माझी गाडी आली का?" अकराव्यांदाही पहिल्यांदा ऐकल्यासारखं उत्तर द्यावं लागतं. गप्प बसून भागत नाही इथं.

बाबांचं म्हणशील तर, एम्सच्या नॉरसेटला (नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला) बी.एस्सी. पुरते. मिहानच्या एम्सला लागलीस तरी वॉर्ड तिथल्या गरजेनुसार मिळणार, तुझ्या शाखेनुसार नाही. एम.एस्सी. जास्त करून कॉलेजात शिकवायच्या कामी येते. तू अबोल, समोर साठ पोरी, जमेल? बेडजवळच राहायचं असेल तर नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर आहे, दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स, म्हणजे वॉर्डात काम करतच शिकायचं. तुझं वर्णन वाचून मला तोच आठवला.

अबोल_सिस्टर: साठ पोरी! नाही बापा. नर्स प्रॅक्टिशनरची माहिती काढते. बाबांना नॉरसेटचं सांगितलं, ते आजच फॉर्म भर म्हणतात. 😑 ताई, आमच्या इन्चार्जला महिनाभर डायलिसिस युनिट मागितलं. म्हणाल्या, मे महिन्यात स्वतःहून कोणी मागत नाही.

डायलिसिसवाली_ताई: खरं आहे त्यांचं. पहिल्या दिवशी वजनकाट्यापाशीच उभी राहा.