मदत हवी आहे : नागपूरच्या मानेवाडा भागात आईच्या बीपी-शुगरसाठी जवळचा दवाखाना

नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची आहे, मानेवाड्याला राहते. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. इतकी वर्षं ती गल्लीतल्या एकाच डॉक्टरांकडे जायची. वय झाल्यामुळे दिवाळीनंतर त्यांनी दवाखाना बंद केला, आणि तेव्हापासून आमची फरफट चालू आहे.

मागच्या महिन्यात तिला एका मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. चिठ्ठी काढायला एक रांग, तपासायला दुसरी, औषधांना तिसरी. आई भिंतीला टेकून उभी होती, हातातल्या पिशवीत जुन्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. घरी आल्यावर म्हणाली, "आता नको नेऊस रे मला." तेव्हापासून तिने गोळ्या एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली, पुरवून पुरवून. हे मला परवा कळलं आणि काळजात धस्स झालं.

आयुष्मान कार्डाचं पाहिलं, पण ते दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असतं. दर महिन्याच्या तपासणीला त्याचा उपयोग नाही.

महापालिकेचं आरोग्य केंद्र किंवा 'आपला दवाखाना' मानेवाडा, हुडकेश्वर, अयोध्यानगर या बाजूला कुठे आहे? डॉक्टर रोज बसतात का? मी सहानंतरच सुटतो, म्हणून संध्याकाळची वेळ असेल तर फार बरं. बीपी-शुगरच्या गोळ्या एकदम महिनाभराच्या मिळतात का? आणि आधार कार्डावर पत्ता गावचा आहे, त्याने अडतं का?

स्वतः जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा. गोळ्या रविवारपर्यंतच पुरतील.