सिझरनंतर दीड महिना: तारीख पाळायची की अंगाचं ऐकायचं?

मोरपंखी
सिझर झालेल्या जवळजवळ प्रत्येकीला घरी जाताना एकच वाक्य ऐकवलं जातं: दीड महिना काही करू नका. आणि दीड महिना भरला त्या सकाळपासून जिने, गाडी, जड उचलणं, व्यायाम, शरीरसंबंध, सगळं चालतं म्हणे. माझ्या मते ही तारीख बिनकामाची आहे. कोणाचं सिझर आधीपासून ठरलेलं असतं, कोणी रात्रभर कळा सोसून मग टेबलावर गेलेली असते, कोणाचं रक्त खूप गेलेलं असतं. या सगळ्या एकाच दिवशी बऱ्या कशा होतील?

ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेच्या २०२१ च्या सूचनांतही याबाबतीत आठवडे मोजलेले नाहीत. दुखणं आणि हालचालींची अडचण संपून पूर्ण बरं वाटलं की ही कामं सुरू करा, असं त्यांचं म्हणणं आहे.

दुसरं म्हणजे 'काही करू नका' हे शब्दशः घेणाऱ्या बायका अंथरूण सोडत नाहीत. बाळंतपणानंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, सिझरमुळे तो आणखी वाढतो. भूल उतरली की लवकरात लवकर उठवून चालवतात ते उगाच नाही. तेव्हा तारीख काढूनच टाकावी. विरोधी मतं येऊ द्यात.

टाचणी
काढा की. घरच्यांची सोयच होईल. तू ज्या घराचा विचार करते आहेस, तिथे बाईला 'कसं वाटतंय' असं कोणीतरी विचारतं. जिथे विचारत नाहीत, तिथे ही तारीख म्हणजे तिला मिळणारी एकुलती एक रजा. "डॉक्टरांनी दीड महिना सांगितलाय" म्हटलं की समोरचा गप्प बसतो. "मला अजून दुखतंय" म्हटलं की लगेच अशा तिघीजणींची नावं निघतात, ज्या म्हणे आठव्या दिवशी कपडे धूत होत्या.

मोरपंखी
आणि तारीख उलटली की? "झाला ना दीड महिना, मग आता काय झालं?" हेही त्याच घरात ऐकू येतं. ज्या तारखेने वाचवलं तीच मग अंगावर येते.

टाचणी
मग तीन महिने लिहून घ्या! ढाल लहान पडते म्हणून टाकून द्यायची नसते.

पेशाने_फिजिओ
दोघींचंही थोडं थोडं चुकतंय.

मोरपंखी, 'दुखत नाही म्हणजे भरलं' हे गृहीतक धोक्याचं आहे. वरची कातडी लवकर जुळते, टाका सुंदर दिसतो आणि बाईला वाटतं झालं. सिझरमध्ये पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, बाजूला सारतात. पण त्यांच्यावरचं चिवट आवरण कापून शिवलेलं असतं, आणि त्याखाली गर्भपिशवीही. त्या आवरणाची ताकद सहा आठवड्यांनी मूळच्या साधारण निम्मीच परत आलेली असते. पुढची भर पडायला कित्येक महिने जातात. हे आतून दुखून कळत नाही.

टाचणी, सरसकट तीन महिनेही नकोत. चालणं पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून हवं. लघवीची नळी काढली की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम सुरू करता येतो. तो सिझरवालीलाही लागतो, कारण नऊ महिन्यांचा भार त्या स्नायूंनीही पेललेला असतो. सुरुवातीला बाळापेक्षा जड काही उचलू नये. धावणं मात्र तीन महिन्यांच्या आत नको, आणि त्यानंतरही लघवी गळत असेल किंवा खाली ओढल्यासारखं वाटत असेल तर थांबावं. प्रत्येक कामाचं वेळापत्रक वेगळं, हे घरी जाताना कोणी सांगत नाही, खरी तक्रार ती आहे.

उंबरठा
गाडीबद्दल कोणीच बोललं नाही. प्रश्न दीड महिन्याचा नाहीच. अचानक कचकन ब्रेक दाबता येतो का, मान-कंबर वळवून मागे बघता येतं का, पट्टा टाक्यावर सहन होतो का? आणि गुंगी आणणारं वेदनाशामक चालू असेल तर चालवूच नये.

टाचणी
बरोबर. पण हे तिघं-चौघं जण इथे वाद घालून ठरवतायत. ओल्या बाळंतिणीने रात्री तीन वाजता हे कुठून शोधायचं? म्हणून एक आकडा असतो.

पेशाने_फिजिओ
आकडा असू द्या, पण काही गोष्टी त्याची वाट बघत नाहीत. एका पोटरीला सूज आणि दुखणं, धाप लागणं, ताप, टाक्यातून पू, तासाभरात पॅड भिजेल इतकं अंगावरून जाणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. 'विश्रांती घेतली की बरं वाटेल' म्हणून घरात बसू नका.

नवखा_बाबा
मध्येच विचारतो. आमचं मोठं अडीच वर्षांचं आहे, वजन १२ किलो. आईने कडेवर घ्यायचं नाही हे त्याला कसं समजवायचं?

टाचणी
त्याला कशाला समजवायचं? तुम्ही घ्या कडेवर.

नवखा_बाबा
घेतो हो. रात्री झोपेतून उठला की त्याला आईच लागते.

पेशाने_फिजिओ
मग तुम्ही त्याला उचलून तिच्या शेजारी ठेवा, टाक्याच्या बाजूला एक उशी आडवी लावून, म्हणजे लाथ बसणार नाही. ती बसलेली असेल तर त्याला स्वतःहून चढू दे, तिने वाकून उचलायचं नाही. आणि तिला उठायचं असेल तेव्हा आधी कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या आधाराने. सरळ उताणं उठायचं नाही.