उतरल्यावर परत कसे यायचे?
सैनिकवाहू अवकाशयान म्हणजे निव्वळ कथालेखकांचा कल्पनाविलास, असे काही जण म्हणतात, पण हे मत मला पटत नाही. डग्लस या अमेरिकी विमान कंपनीतील अभियंते फिलिप बोनो यांनी १९६६ मध्ये 'इथॅकस' या अग्निबाणाचा आराखडा मांडला होता. १२०० सैनिक तासाभरात जगाच्या दुसऱ्या टोकाला उतरवण्याचा तो बेत कागदावरच राहिला. खरी मेख उतरल्यानंतर होती, कारण टाक्या जवळजवळ रिकाम्या झालेले ते प्रचंड धूड परत आणायचे, तर इंधन तिथवर पोहोचवणार कोण?

साताऱ्याजवळच्या आमच्या अपशिंग्यात फौजींना तोटा नाही. लष्करी ट्रक चालवून निवृत्त झालेल्या काकांना हे सांगितले, तेव्हा सैनिकांची संख्या ऐकण्याआधीच त्यांनी डिझेलचे काय, असे विचारले. विज्ञानकथांतील यानांच्या कारकिर्दीच्या वर्णनात लढाया पानोपानी असतात, इंधनाची नोंद मात्र (निदान माझ्या वाचनात) क्वचितच आढळते.