मदत हवी आहे: व्हायरसची मेल खरी की अफवा? (इंदूर)

इंदूरकर: आमच्या मंडळाच्या सगळ्या सभासदांना मेल गेली आहे. 'इन्व्हिटेशन' नावाची मेल उघडली की ऑलिंपिकची मशाल दिसते आणि हार्ड डिस्क जळते म्हणे. सीएनएन, मॅकॅफी, मायक्रोसॉफ्टची नावं आहेत. सकाळपासून फोन थांबत नाहीयेत. लवकर सांगा.

रामबागवाला: अफवा. हा मजकूर 2006 पासून फिरतोय. खऱ्या इशाऱ्यात व्हायरसचं नाव, कोणत्या आवृत्तीला धोका, तारीख आणि उपाय असतो. इथे फक्त "सगळ्यांना पाठवा". शिवाय व्हायरस डेटा पुसतो, डिस्क जाळत नाही. मजकुरातलं एक अख्खं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून गूगल करा, मग सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या साइटवर बघा.

खजराना_७: पाठवणारा ओळखीचा आहे का? जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडून एसपीएफ, डीकेआयएम (मेल पाठवणाऱ्याच्या डोमेनची, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाची तपासणी) पास आहे का बघा.

रामबागवाला: त्याने मेल त्या डोमेनवरून आली एवढंच कळतं. भला माणूसही अफवा पुढे ढकलतो.

सराफा: अटॅचमेंट होती? कोणी काही पुसलं का?

इंदूरकर: अटॅचमेंट नाही. दुसऱ्या एका मेलमध्ये अस्वलाच्या चित्राची फाइल पुसा असं होतं, ती ऑफिसच्या पीसीवरून पुसली. ते वेगळं प्रकरण आहे.

सराफा: अहो, मुख्य प्रकरण तेच! त्या फाइलचं नाव जेडीबीजीएमजीआर, ही 2002 ची अफवा. फाइल मायक्रोसॉफ्टचीच, चित्रही त्यांचंच. विंडोज कोणती?

इंदूरकर: एक्सपी. हिशेबाचं सॉफ्टवेअर तिच्यावरच चालतं.

माळवा_लिनक्स: एक्सपी काढा, लिनक्स टाका, कटकट मिटेल.

सराफा: हिशेब कोण हलवणार? इंदूरकर, आधी रिसायकल बिन बघा, असेल तर रिस्टोर करा.

खजराना_७: नसेल तर एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवा.

सराफा: एक्सपी त्यासाठी सीडी मागेल. या फाइलसाठी एवढा खटाटोप नको. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या जावा भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ती लागते. पण एक्सपीला सुरक्षा अपडेट येत नाहीत, तो पीसी नेटवरून काढा.

पलासिया: कोणता अँटिव्हायरस घ्यावा? मोफतवाला चालेल?

रामबागवाला: वेगळा धागा काढा. इंदूरकर, पुढच्या वेळी अटॅचमेंट आली तर उघडू नका. विंडोज 10 वर सर्टयुटिल या कमांडने फाइलचा एसएचए-256 (फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून तो व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या साइटवर शोधा. फाइल अपलोड करू नका, सभासदांची नावं-पत्ते बाहेर जातील. आणि नोंद सापडली नाही म्हणजे फाइल स्वच्छ, असं धरू नका.

इंदूरकर: बिन रिकामी आहे. सभासदांना काय कळवू?

सराफा: मग ती फाइल सोडून द्या. सभासदांना बीसीसीत (एकमेकांचे पत्ते दिसणार नाहीत असं) लिहा: "दोन्ही मेल अफवा आहेत. पुढे पाठवू नका, काहीही पुसू नका. पुसलं असल्यास कळवा." मूळ मजकूर खाली जोडू नका, पुन्हा तोच फिरेल.