राज्य मास्टर्सला सुवर्ण मिळालं, पण ठरवलेलं टायमिंग हुकलं. आता पुढचं काय ठरवू?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, वय ५९. गेल्या आठवड्यात पुण्याला, बालेवाडीच्या तलावात राज्य मास्टर्स जलतरण स्पर्धेत (मोठ्या माणसांची, वयोगटांप्रमाणे होणारी) पोहून आले. आयुष्यातली पहिलीच स्पर्धा. घरी आल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही आणि घरात कुणाला नीट सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

थोडं मागचं सांगते. लहानपणी भाऊ आयर्विन पुलाच्या बाजूला मुलांबरोबर नदीत पोहायचा. आम्हा मुलींना नदी नव्हती, आजोळची विहीर होती. मामाने पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधला, कमरेला चऱ्हाट, आणि त्याचं दुसरं टोक धरून तो थारोळ्यावर बसला. पाचव्या दिवशी डबा सुटला. पुढे लग्न, नोकरी, मुलं. चाळीस वर्षं पाण्यात पाऊल नाही. ५२व्या वर्षी साखर निघाली, डॉक्टर म्हणाले रोज तासभर काहीतरी करा, तेव्हा घराजवळच्या तलावात लेडीज बॅचला नाव घातलं. हातपाय विहिरीतलं काही विसरले नव्हते. सर म्हणाले, तुमचा ब्रेस्टस्ट्रोक चांगला आहे, फक्त डोकं पाण्यात घाला.

आठ महिन्यांपूर्वी १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकसाठी २ मिनिटं १० सेकंद ठरवले. दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या पानावर कोपऱ्यात '२.१०' लिहून ठेवलं होतं. आमचा तलाव २५ मीटरचा. तिथे २.०७ पर्यंत आले होते. सरांनी सांगितलं होतं की ५० मीटरच्या तलावात टर्न, म्हणजे वळताना भिंतीला पाय लावून जोर घेणं, कमी मिळतात, तीन सेकंद वाढतील. म्हणून २.१०.

पहिल्या दिवशी ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक. ब्लॉकवरून सूर मारला आणि गॉगलमध्ये पाणी शिरलं. शेवटची भिंत धूसर दिसत होती, मी उजवा हात लांब केला, डावा मागून आला. दोन्ही हात एकदम लागायला हवेत, म्हणून डिसक्वालिफाय. रेफ्रीबाईंनी बाजूला घेऊन शांतपणे समजावलं. त्यांचं बरोबर होतं, पण रात्रभर तो डावा हात डोळ्यांपुढे येत राहिला.

दुसऱ्या दिवशी १००. जाताना छान वाटत होतं. परतीला ३५ मीटर झाले असतील, माझ्या शरीराला सवयीने भिंत हवी होती आणि भिंत येतच नव्हती. खालची काळी रेघ संपेना. मांड्या जड, किक उघडते पण मिटत नाही. दोन्ही हात लावले, वर बघितलं. २ मिनिटं ११.४६ सेकंद.

मग निकाल लागला. ५५ ते ५९ च्या गटात तिघींची नावं होती. एक आलीच नाही, दुसरीचा खांदा दुखावल्याने उतरली नाही. हीटमध्ये, म्हणजे एकत्र सोडलेल्या फेरीत, माझ्या शेजारी पोहणाऱ्या सगळ्या दुसऱ्या गटांतल्या. म्हणजे गटात मी एकटी आणि सुवर्णपदक माझं. कॉलनीत फ्लेक्स लागला, शाल-श्रीफळ झालं, जो तो विचारतो, "आता राष्ट्रीय ना?" मी हसते आणि आत काहीतरी टोचतं. ज्यासाठी आठ महिने घासले ते हुकलं आणि जे कधी ठरवलंच नव्हतं त्याचा सत्कार झाला.

एक गोष्ट मात्र निखळ झाली. शेवटच्या दिवशी आमच्या जिल्ह्याची ४ x ५० फ्रीस्टाईल रिले, म्हणजे चौघींनी एकामागून एक ५० मीटर, हव्या त्या पद्धतीने. चौथी बाई मिळत नव्हती. मिरजेच्या ७१ वर्षांच्या एक मावशी, दोन दिवस नुसत्या टाळ्या वाजवायला बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, मी पोहते. नाव आधीपासून यादीत होतं. रिलेचा गट चौघींच्या वयांच्या बेरजेवर ठरतो. आमची बेरीज २२८, म्हणजे २०० ते २३९ चा गट. मावशी सूर मारत नाहीत. त्यांनी पाण्यातूनच, भिंतीला पाय लावून सुरुवात केली. मी दुसरी. ब्लॉकवर उभी राहून त्यांना येताना बघत होते. पांढरी टोपी, हात अगदी सावकाश पण एकही न चुकता. तेवढा वेळ मला घड्याळ आठवलं नाही. आम्ही शेवटून दुसऱ्या आलो.

पुढच्या वर्षी मी साठीच्या गटात जाते. ध्येय काय धरू? परत २.१०? राष्ट्रीय? का आता असले आकडे सोडून द्यावेत? तुम्ही लोक काय करता, मनापासून सांगा.

लेन आठ:

ताई, आधी अभिनंदन. मी बरीच वर्षं स्पर्धांना टाइमकीपर आणि टर्न जज म्हणून उभा राहतो. तुमच्या १०० मध्ये ५० चा स्प्लिट, म्हणजे पहिल्या ५० मीटरचा वेळ, किती होता ते बघा, निकालाच्या कागदावर असेल.

कृष्णाकाठ:

आहे. १ मिनिट १.२. म्हणजे परतीला ७० सेकंद लागले.

लेन आठ:

तर मग तुमचं २.१० पहिल्या पन्नासातच गेलं, दुसऱ्यात नाही. नुसतं ५० तुम्ही किती सेकंदात पोहता?

कृष्णाकाठ:

आमच्या तलावात ५८.

लेन आठ:

म्हणजे तुम्ही १०० ची सुरुवात जवळजवळ ५० सारखी केलीत. पहिल्या स्पर्धेत सगळ्यांचं होतं. ६४ ला वळलात आणि ६६ ला परत आलात तरी २.१० होतं, आणि ती ६४ तुम्हाला हळू वाटेल. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दमलेला माणूस हात भराभर मारायला लागतो आणि ग्लाइड (दोन हातांमधलं नुसतं घसरत जाणं) मोडतो, मग हात वाढतात पण अंतर कापलं जात नाही. जाताना किती हात लागले आणि येताना किती, हे मोजायची सवय लावा. दुसरं, सुरुवातीनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर पाण्याखाली दोन्ही हात एकदा पूर्ण मांडीपर्यंत ओढायची मुभा आहे, सोबत एक डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेली). वयस्कर मंडळी घाईने वर येतात आणि ती फुकट सोडतात. मोठ्या तलावात टर्न एकच, तो नीट वसूल करा.

डाव्या हाताचं मनावर घेऊ नका. नियम इतकाच आहे की दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत. ते एका पातळीवर नसले तरी चालतं. आणि गॉगल दर वेळी भरत असेल तर मिरजेच्या मावशींनी केलं तेच करा. मास्टर्समध्ये पाण्यातून सुरुवात करता येते, कुणी गुण कापत नाही.

ठाणेकर आजोबा:

वय ६६. मास्टर्सला बारा वर्षं जातोय, राष्ट्रीयला चार वेळा गेलो. राष्ट्रीयबद्दल खरं सांगतो. रेल्वेची तिकिटं, चार दिवस मुक्काम, जेवणाची आबाळ आणि पाण्यात एकूण सात-आठ मिनिटं. मला ते आवडतं, कारण आता दर राज्यात दोन-तीन दोस्त आहेत आणि वर्षातून एकदा भेटतात. तसं वाटत असेल तर जरूर जा. कॉलनीच्या फ्लेक्ससाठी मात्र जाऊ नका.

आकडे सोडायचे का, तर अजिबात नाही. पण मी एक वही करतो. पाच वर्षांचा गट बदलला की नवं पान आणि त्या पानावर सगळे विक्रम कोरे. ५५ चा मी आणि ६६ चा मी यांची शर्यत लावत नाही. तुम्ही साठीच्या गटात जाताय म्हणजे त्या गटातल्या सगळ्यांत तरुण होताय. पहिल्या वर्षी जे पोहाल तो तुमचा विक्रम, पुढची चार वर्षं तो सांभाळायचा. माझं ६५ चं पान सध्या चालू आहे. २०० फ्रीस्टाईलमध्ये गेल्या तीन वेळा माझा आकडा दोन सेकंदांच्या आत आहे. या वयात तेवढाच राहिला तरी मी घरी येऊन बायकोला जिलेबी आणतो.

जपानच्या मिएको नागाओका यांचं नाव ऐकलंय का? २०१५ मध्ये, वयाच्या १००व्या वर्षी, त्या १५०० मीटर फ्रीस्टाईल पोहल्या. सगळं अंतर पाठीवर. १ तास १५ मिनिटं ५४ सेकंद. त्या गटात त्यांच्याशी शर्यत लावायला कोण येणार होतं? एकटीच्या गटाला कमी समजू नका, एवढंच म्हणतो.

न्यूजर्सीची वहिनी:

माहेर कोल्हापूर, त्यामुळे सांगलीकरणीचं वाचून लगेच लिहायला बसले. इकडे यूएस मास्टर्स स्विमिंगमध्ये अठराव्या वर्षापासून येता येतं. माझ्या तलावातल्या निम्म्या लोकांनी कधी स्पर्धा बघितलेलीही नाही. आमच्यात जानेवारीत एक तासाचं पोहणं असतं. आपापल्याच तलावात, तासात किती अंतर होतं ते मोजायचं, दुसऱ्याने लॅप लिहायचे आणि आकडा पाठवायचा. मी पहिल्या वर्षी लॅप लिहायला बसले होते. दुसऱ्यांचे लॅप तासभर मोजताना मला माझं पोहणं कळलं. तुमच्या लेडीज बॅचमध्ये असं काही करून बघा ना. मेडल नाही, गट नाही, पण प्रत्येकीचा एक आकडा होतो.

आणि ताई, तुम्ही सगळ्यात जास्त ओळी रिलेवर लिहिल्यात. ते मला वाटतं तुम्ही स्वतःच उत्तर देऊन ठेवलंय.

कृष्णाकाठ:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण पोहून बघत होते.

लेन आठ, तुमचं बरोबर निघालं. सरांना सांगून परवा ५० ला ६४ ने जायचा प्रयत्न केला. आपण आळस करतोय असंच वाटत होतं. जाताना दोन्ही लॅप मिळून ४४ हात, परतीला ४७. स्पर्धेत किती झाले माहीत नाही, पण शेवटी नक्की खूप जास्त होते, कारण मला ती धडपड आठवते. २.१० सोडत नाही. कॅलेंडरवर फक्त '२.१०' नाही लिहिलं, '६४ + ६६' लिहिलंय.

आजोबा, वही आणली. २०० पानी, शाळेची. ५५-५९ च्या पानावर २.११.४६ लिहिलं आणि शेजारी डिसक्वालिफायसुद्धा लिहिलं. मेडल कपाटातून काढून देवघराच्या वर ठेवलं. नागाओका आजींचं वाचल्यावर टोचणी कमी झाली.

राष्ट्रीयला यंदा जात नाही. घरात सांगून टाकलं. मुलगा थोडा हिरमुसला, त्याने तिकिटंसुद्धा बघून ठेवली होती.

आणि वहिनी, तुम्ही नेमकं हेरलंत. आमच्या साडेआठच्या बॅचमध्ये बावीस जणी आहेत. पंधरा तरी अशा आहेत की मान वर काढून गप्पा मारत चार-पाच लॅप करतात आणि बाहेर येतात. त्यांच्यातल्या दोघी मला माहीत आहेत की मनात आणलं तर ५० मीटर न थांबता जातील. एक ६३ ची, गणपती पेठेत कापडाचं दुकान आहे. दुसरी ५४ ची, भाजीवाली, पहाटे मार्केट यार्डातून माल आणून मग तलावावर येते. मिरजेच्या मावशींना फोन केला. म्हणाल्या, पुढच्या वर्षी ७२ ची होईन, चालेल का? मी बेरीज केली. ७२, ६०, ६३, ५४ पैकी शेवटच्या दोघी पुढच्या वाढदिवसाला एकेक वर्षाने वाढतील, म्हणजे २५१. गट २४० ते २७९. आमच्या तलावातून बायकांची रिले कधीच गेलेली नाही.

आज भाजीवालीला विचारलं. ती म्हणाली, "डोकं पाण्यात घालायला भीती वाटते, नाकात जातं." मी तिला पायऱ्यांजवळ कमरेइतक्या पाण्यात घेऊन गेले आणि तोंडाने बुडबुडे सोडायला सांगितले. दहा वेळा केलं. अकराव्या वेळी तिने डोळे उघडे ठेवले आणि वर येऊन म्हणाली, "खालची फरशी निळी आहे होय, मला वाटायचं पाणीच निळं आहे." उद्या तिच्यासाठी माझा जुना गॉगल घेऊन जातेय. पट्टा जरा सैल आहे, तेवढा आज रात्री शिवून ठेवते.