भातखाचरात जनुक बदललेले जिवाणू सोडायचे, तर परवानगी कोणाची घ्यायची?

ऐरोलीकर

मुरबाडला आमची वडिलोपार्जित सव्वा एकर भातजमीन आहे आणि ती माझा पुतण्या कसतो. गेल्या आठवड्यात तो घरी आला तेव्हा त्याने विचारले की, अमेरिकेत मक्याला युरियाच्या जोडीने जिवंत जिवाणू देतात आणि ते हवेतला नत्र मुळाशी आणून देतात, तसे काही आपल्या भातासाठी आले तर घ्यावे का. त्याने ऐकलेले खरे आहे. ‘पिव्हट बायो’ या कंपनीचे असे उत्पादन तिथे २०१९ पासून विकले जाते. नत्र स्थिर करणारे जिवाणू निसर्गातही आहेत, परंतु आजूबाजूला अमोनिया मिळू लागला की ते हे खर्चिक काम बंद करतात. ‘निफ-एल’ नावाचे प्रथिन त्या वेळी ‘निफ-ए’ या चालकाला रोखून धरते. कंपनीने निफ-एलचे जनुक काढून टाकले आणि निफ-एच्या पुढे त्याच जिवाणूतला दुसरा नियंत्रक बसवला. त्यामुळे शेतात युरिया असतानाही काम चालू राहते. परक्या जीवाचे एकही जनुक त्यात घातलेले नाही.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्याच्या किण्वन विभागात मी अठ्ठावीस वर्षे काम केले. तिथे जिवाणू पोलादी टाकीत वाढत आणि टाकीतून बाहेर पडणारा प्रत्येक थेंब आधी वाफेने निर्जंतुक केला जाई. शेताला अशी झडप नाही. आमच्याकडे जुलैमध्ये वरच्या खाचरातले पाणी बांधावरून खालच्या खाचरात, तिथून ओहोळात, ओहोळातून काळूत आणि काळूतून उल्हास नदीत जाते. बीटी कापसाच्या चाचणीत शेताभोवती ठरावीक अंतर सोडता येत होते, कारण परागकण किती दूर जातात याचा काही अंदाज होता. पाण्याबरोबर वाहणाऱ्या आणि अनुकूल जागा मिळाली की दुप्पट होणाऱ्या जिवाणूसाठी अंतर कोठून मोजायचे?

माझे मत असे की, असे जिवाणू बनवायला हरकत नाही, पण जिवाणूच्या रचनेतच जैवसुरक्षा नसेल आणि पाणी जिथवर जाते तिथवरच्या लोकांना विचारले नसेल, तर आपल्या जिल्ह्यात ते सोडू नयेत.

किन्हवलीकर

धागाकर्त्यांचा आदर राखून मी असहमत आहे. मी शहापूर तालुक्यात भात आणि भेंडी करतो. लावणीआधी रोपांची मुळे ॲझोस्पिरिलमच्या द्रावणात बुडवणे आणि वालाच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवलेले रायझोबियम चोळणे, हे मी गेली पंधरा वर्षे करत आलो आहे. ते जिवाणू माझ्या मातीतले नव्हते. कोणत्या तरी प्रयोगशाळेत निवडलेले, कोणत्या तरी दूरच्या शेतातून आलेले होते. खत नियंत्रण आदेशात २००६ साली जिवाणू खते आली आणि द्रवरूप खतात दर मिलिलिटरला किमान दहा कोटी जिवंत पेशी हव्यात असा निकष लागला. तो निकष पेशी मोजतो. त्या पेशी शेतातून पुढे कोठे जातात हे कोणी विचारत नाही. मग त्याच जातीच्या जिवाणूतून एक जनुक काढले की एवढा धोका कोठून निर्माण होतो?

दुसरी बाजू युरियाची आहे. ४५ किलोची गोणी आम्हाला २६६ रुपये ५० पैशांत मिळते आणि त्यात जेमतेम २१ किलो नत्र असतो. पाण्याखालच्या भातात त्यातला निम्म्याहून कमी पिकाला लागतो. उरलेला वायू होऊन उडतो किंवा त्याच ओहोळातून, त्याच काळू नदीतून वाहून जातो. त्यातून तयार होणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट उष्णता धरतो. हे नुकसान दरवर्षी होते आणि त्यासाठी खालच्या खाचरवाल्याची परवानगी कोणी मागितलेली नाही. नव्या गोष्टीकडून जी शुद्धता आपण मागतो, ती जुन्या गोष्टीकडून कधीच मागितली नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

कोपरीकर

याला सरळ बंदीच हवी. क्लेबसिएला नावाच्या एका जनुकबदल केलेल्या जिवाणूमुळे जगातील सगळ्या वनस्पती मेल्या असत्या आणि तो शेवटच्या क्षणी थांबवला गेला, हे मी अनेकदा वाचले आहे. असा एक अपघात पुरेसा आहे.

जिवाणूशाळा

मी ठाण्यात महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. कोपरीकरांनी सांगितलेली गोष्ट खूप फिरते, म्हणून आधी तिच्याविषयी. पिकांच्या अवशेषांपासून अल्कोहोल करण्यासाठी बदललेल्या क्लेबसिएला प्लँटिकोलावर १९९९ मध्ये एक शोधनिबंध आला. प्रयोगशाळेतील छोट्या भांड्यांत, वालुकामय मातीत, त्या जिवाणूमुळे गव्हाची रोपे मेली, एवढे त्यात होते. पुढे न्यूझीलंडच्या चौकशी आयोगापुढे त्याच प्रयोगाच्या आधारे पृथ्वीवरील वनस्पती नष्ट होण्याचा दावा केला गेला, तो टिकला नाही आणि मागे घ्यावा लागला. भांड्यातला निकाल गंभीर होता. त्यावर उभारलेली भीती मात्र निराधार होती. अशा भीतीमुळे खऱ्या शंकांचेही वजन कमी होते, याचे मला वाईट वाटते.

आता ऐरोलीकरांना. रचनेतच सुरक्षा हवी, या आपल्या मागणीचे उत्तम उदाहरण जुनेच आहे. पीच, बदाम, गुलाब यांच्या खोडाला गाठी आणणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूवर ऑस्ट्रेलियात के-८४ नावाचा नैसर्गिक जिवाणू वापरत असत. तो एक प्रतिजैविक तयार करतो आणि रोगकारक मरतो. अडचण अशी होती की ते प्रतिजैविक बनवण्याची आणि त्यापासून वाचण्याचीही जनुके एका प्लास्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या वेटोळ्यावर होती, आणि ते प्लास्मिड रोगकारकाकडे गेले तर रोगकारकच सुरक्षित होणार होता. म्हणून ॲलन केर आणि सहकाऱ्यांनी प्लास्मिड दुसरीकडे पोहोचवणारा भागच कापून टाकला. त्यातून झालेला के-१०२६ हा १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून शेतकऱ्यांना विकला जात आहे. इथे जनुकबदल केलेला जिवाणू नैसर्गिक जिवाणूपेक्षा अधिक सुरक्षित आहे. ‘बदललेला म्हणजे धोकादायक’ हे समीकरण या एका उदाहरणापुढे टिकत नाही.

त्याच काळात कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरीवर दव गोठू नये म्हणून ‘आइस-मायनस’ स्यूडोमोनास फवारला गेला. तो एप्रिल १९८७ मध्ये ब्रेंटवूडला झालेला पहिला अधिकृत खुला प्रयोग होता. त्यातही फक्त एक जनुक काढलेले होते आणि तसे जिवाणू निसर्गातही सापडतात. पण संबंधित कंपनीने मान्यता मिळण्याआधीच आपल्या इमारतीच्या गच्चीवरील झाडांत तो टोचला होता आणि त्यासाठी तिला दंड झाला होता. पुढे लोकांनी रोपे उपटली आणि उत्पादन कधी बाजारात आलेच नाही. माझ्या मते तिथे जिवाणूपेक्षा लपवाछपवीने अधिक नुकसान केले.

ऐरोलीकर

के-१०२६ चे उदाहरण मी मनापासून मान्य करतो, आणि किन्हवलीकरांनी युरियाविषयी लिहिलेले प्रत्येक वाक्य मला पटते. तरी दोन गोष्टी नोंदवतो.

पहिली गोष्ट न्यूझीलंडची आहे. तिथे लोटस नावाच्या चाऱ्याच्या पिकाला मेझोरायझोबियम या जिवाणूचा एक ताण (एकाच जातीतला उपप्रकार) चोळून पेरणी केली गेली. त्या मातीत लोटसच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू आधी नव्हते. सात वर्षांनी सुलिव्हान आणि रॉनसन यांच्या गटाने गाठी उघडून पाहिल्या, तेव्हा त्यांत इतर अनेक ताण सापडले. मातीतील स्थानिक जिवाणूंनी पेरलेल्या जिवाणूकडून सहजीवनाची जनुके, सुमारे ५ लाख अक्षरांचा एक सलग तुकडा, उचलून आपल्या गुणसूत्रात बसवला होता. हे १९९५ आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. तो ताण कोणी प्रयोगशाळेत बदललेला नव्हता. किन्हवलीकर म्हणतील की यावरून नैसर्गिक जिवाणूही तेच करतात हे सिद्ध झाले, आणि ते बरोबर आहे. मला मात्र त्यातून हे दिसते की आपण शेतात टाकतो तो केवळ एक जिवाणू नसतो, त्याच्या जनुकांचा साठा आपण तिथल्या सर्वांसाठी खुला करत असतो. म्हणून गुणसूत्रावरचा बदल आणि प्लास्मिडवरचा बदल यांना एकाच मापाने मोजणे मला मान्य नाही, आणि बदललेल्या पेशी वेगळ्या निवडता याव्यात म्हणून प्रयोगशाळेत वापरलेले प्रतिजैविक-रोधाचे जनुक तर अंतिम ताणात राहताच कामा नये.

दुसरी गोष्ट ‘मरण-कळ’ हिची. काम झाले की जिवाणू स्वतः मरेल, किंवा निसर्गात न मिळणाऱ्या कृत्रिम अमिनो आम्लावाचून जगणार नाही, अशी रचना आता होते, ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूत २०१५ मध्ये दोन गटांनी ती करून दाखवली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा जुना निकष असा की दहा कोटींत एकाहून अधिक पेशी निसटू नयेत. प्रयोगशाळेसाठी हा आकडा उत्तम आहे. पण किन्हवलीकरांनी दिलेल्या निकषाने एका लिटरमध्ये दहा हजार कोटी पेशी होतात, म्हणजे प्रत्येक लिटरमागे सुमारे हजार पेशी निसटलेल्या. तालुक्यात हजार एकरांवर एकेक लिटर गेला तर दहा लाख. माझ्या टाकीवर मी हा निकष आनंदाने स्वीकारला असता, पावसाळ्यातल्या खाचरावर तो मला पुरेसा वाटत नाही.

जिवाणूशाळा

हिशेब बरोबर आहे, परंतु त्यात एक पायरी राहिली. निसटणे म्हणजे टिकणे नव्हे. एका ग्रॅम सुपीक मातीत दहा कोटींच्या घरात जिवाणू असतात आणि ते सगळे भुकेले असतात. नत्राचा एक रेणू फोडायला किमान सोळा एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू, खर्च होतात. हे काम सतत करत राहणारा जिवाणू शेजाऱ्यांपेक्षा हळू वाढतो आणि मागे पडतो. टिकतो तो बहुधा बदल गमावलेला. जो दहा लाखांचा आकडा आपल्याला चिंताजनक वाटतो, त्यातील किती एका हंगामानंतर उरतील, हे मोजण्याची गोष्ट आहे आणि मोजता येते. जिवाणूच्या गुणसूत्रात ओळखीचा एक निरुपद्रवी क्रम घातला, तर पाण्याच्या नमुन्यातून तो पीसीआरने शोधता येतो.

नेरूळकर

मी नवी मुंबईत रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो. शेतीचे मला फारसे कळत नाही, पण यजमान जिवाणू कोणता, हा प्रश्न इथे अजून कोणी विचारला नाही. मक्यासाठीच्या त्या उत्पादनातील एक ताण क्लेबसिएला व्हॅरिकोला या जातीचा आहे. ही जात २००४ मध्ये वेगळी ओळखली गेली, तेव्हाच तिचे नमुने केळी, मका अशा वनस्पतींतून आणि रुग्णांतूनही मिळालेले होते. नवजात अर्भकांच्या विभागात रक्तातून क्लेबसिएला वाढल्याचा अहवाल हातात घेतला की आमच्या पोटात गोळा येतो. मक्यातला ताण आणि वॉर्डातला ताण एकच आहेत, असे मी अजिबात म्हणत नाही. पण भातासाठी रचना करायची असेल, तर ज्या कुळाचे जवळचे नातेवाईक आमच्या अतिदक्षता विभागात सापडत नाहीत, असाच जिवाणू का घेऊ नये? ही निवड पहिल्या दिवशी फुकट असते आणि दहाव्या वर्षी अशक्य.

किन्हवलीकर

नेरूळकरांचा मुद्दा मला नवीन होता आणि तो मी मान्य करतो. ऐरोलीकरांशी माझा मतभेद मात्र कायम आहे. कायदा नाही असे नाही. १९८९ चे नियम धोकादायक सूक्ष्मजीव आणि जनुकबदल केलेल्या जीवांसाठीच आहेत, आणि त्यांच्या व्याख्येत नुसते जनुक वगळणेही येते. मार्च २०२२ मध्ये जी सूट मिळाली ती परके जनुक नसलेल्या जनुक-संपादित वनस्पतींना, जिवाणूंना नाही. दिल्लीतल्या जीईएसीच्या, म्हणजे जनुकबदलांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय समितीच्या, खाली राज्य समिती आणि जिल्हाधिकाऱ्यांची जिल्हा समितीही नियमांत आहे. आणखी अटी वाढवल्या तर काय होते ते आपण पाहिले आहे. २००१ मध्ये गुजरातेत मान्यतेआधीच बीटी कापूस शेतात उभा होता, आणि जून २०१९ मध्ये अकोल्यात शेतकऱ्यांनी मान्यता नसलेले तणनाशक-सहनशील बियाणे उघडपणे पेरले. दार फार घट्ट लावले की माल मागच्या दाराने येतो, आणि मागच्या दाराने आलेल्या बाटलीत कोणता जिवाणू आहे हे कोणालाच कळणार नाही.

ऐरोलीकर

मागच्या दाराची भीती मलाही आहे, आणि म्हणूनच माझी मागणी दिल्लीत आणखी एक समिती नेमण्याची नाही. जिल्हा समिती नियमांत आहेच, तर चाचणी असलेल्या ओहोळाच्या वरच्या व खालच्या टोकाचे पाणी तिने जून ते डिसेंबर दर पंधरवड्याला तपासावे, ओळखीचा क्रम आधीच जाहीर करावा म्हणजे कोणतेही महाविद्यालय ती तपासणी करू शकेल, आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. चाचणी पहिल्या वर्षी पाणलोटाच्या सगळ्यात खालच्या खाचरात करावी, वरच्या नव्हे.

पुतण्याला मी हेच सांगितले. तो म्हणाला की आमच्या खाली ज्यांची खाचरे आहेत, त्यांच्याशी बांधावरून आमचे दोन पिढ्यांचे भांडण आहे. तरीही आधी त्यांच्याकडे जावे लागेल, असे मी त्याला म्हटले, आणि येत्या रविवारी मीही त्याच्याबरोबर जाणार आहे.

किन्हवलीकर

सगळ्यात खालचे खाचर ही अट मला मान्य आहे. माझे असे एक आहे, अकरा गुंठ्यांचे, थेट ओहोळाला लागून. महाविद्यालय पाण्याचे नमुने घ्यायला तयार असेल, तर आज ओहोळात कोणकोणते नत्र स्थिर करणारे जिवाणू आहेत याची नोंद या पावसाळ्यातच सुरू करता येईल. बाहेरचे काही यायच्या आधीचे चित्र हाती असले पाहिजे.

जिवाणूशाळा

तृतीय वर्षाच्या प्रकल्पात ही नोंद घेता येईल. नमुन्यासाठी निर्जंतुक बाटल्या आणि बर्फाची पेटी आम्ही आणू. लावणीच्या आधी एकदा आणि लावणीनंतर दहाव्या दिवशी एकदा, अशा दोन फेऱ्यांनी सुरुवात करू.

कोपरीकर

क्लेबसिएलाविषयी मी तपासून न पाहता लिहिले, ते मागे घेतो. सोडण्याला माझा विरोध अजूनही आहे. पाण्याचे नमुने घेण्याला नाही.