उत्तर सहाव्या कडव्यात आहे

‘विश्वास वाढू दे म्हणून मागायचं आणि देवाने मागणाऱ्यालाच मोडायचं, हे सांत्वन कसलं?’ असं एकाने जॉन न्यूटन या इंग्रज पाद्र्याच्या ‘I asked the Lord that I might grow’ या भक्तिगीताबद्दल विचारलंय. प्रश्न रास्त आहे, पण तो गीतातच आहे. सात कडव्यांपैकी सहाव्यात भक्त थरथरत हेच विचारतो आणि त्याच कडव्यात प्रभू उत्तर देतो: कृपा आणि विश्वासाच्या प्रार्थनेला मी असंच उत्तर देतो. 1779 च्या ‘ओल्नी हिम्स’ संग्रहात या गीताचं शीर्षकही ‘क्रुसांनी (म्हणजे दुःखांनी) दिलेलं प्रार्थनेचं उत्तर’ अशा अर्थाचं आहे. ओल्नी म्हणजे न्यूटन जिथे पाद्री होता ते, हातावर पोट असलेल्या लेस विणणाऱ्यांचं इंग्लंडमधलं गाव. ऐकणाऱ्यांना दुःख नवं नव्हतं.

पाचव्या कडव्यातल्या सुकलेल्या भोपळ्याच्या वेलाचा उल्लेख या चर्चेत कुणीच केला नाही. तो बायबलमधल्या योना या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातला, एका रात्रीत वाढलेला, किड्याने खाल्लेला. बाबांच्या आजारपणात आईने बायबलमध्ये तिथे औषधाच्या पाकिटाचा तुकडा खूण म्हणून ठेवला होता. बाबा गेले. तो तुकडा अजून तिथेच आहे, आणि उपासनेत हे कडवं आलं की आई डोळे मिटून, सगळ्यांपेक्षा हळू गाते.